कोरम

सव्वीस जानेवारी, सकाळचे अकरा.
मेढ्याहून निघालेली माझी मोटारसायकल
ओढ्याच्या अलीकडेच थांबली, पुढं पायवाट.
काखेत रजिस्टर, खिशात शिक्का,
आणि ठराव तर आदल्या रात्रीच लिहिलेला :
विषय क्रमांक चार, डोहातल्या मासळीचा लिलाव.
खाली माझ्या सवयीच्या अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’.
सूचक, अनुमोदक तेवढे भरायचे होते.
बारा वर्षं ग्रामसेवक आहे मी.
गावं अशीच चालतात.

उंबरवाडीत कातकऱ्यांची एकोणतीस घरं.
सतरा घरांना झाप लावलेले.
दिवाळी सरताच मुकादमाचा ट्रक येतो,
माणसं, भांडी, कोंबड्या भरून नेतो वीटभट्टीवर.
उरलेली बारा घरं उंबराखाली बसली.
बसली म्हणजे नुसती बसली,
कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.
मला खुर्ची दिली तेव्हा कळलं
मीच एकटा उंच आहे.

मी वाचलं. म्हणालो, हात वर करा.
कुणाचे हात गुडघ्यांना मिठी मारून,
कुणाचे तंबाखू मळण्यात.
वाऱ्यानं पान उलटलं, मी परत लावलं.
अर्ध्या तासानं सोमी हिलम बोलली,
गप्पांत मधेच काही आठवावं तशी :
“नवशा भट्टीवं हाय. त्याला इचारलं?”
“तो गैरहजर, मावशी. पण कोरम पुरतो.
कायद्यानं पुरेशी माणसं आहेत.”
“पुरत्यात ती कोन,” ती म्हणाली, “नि उरत्यात ती?”

रजिस्टरात या प्रश्नाला रकाना नाही.

मग मी नियम सांगितला :
आज तहकूब करू, पुन्हा घेऊ,
तहकूब सभेला कोरमसुद्धा लागत नाही.
तेव्हा कुठं ती सगळी हसली.
“मंग मानसं कशाला लागत्यात?”

मी चिडलो. विचारलं, डोह कुणाच्या मालकीचा?
“कागदावं कोन हाय?”
“सरकार.”
“आखाडात खडस अंड्याला वर चढतो,
तवा कुटं असतं सरकार?
आमी जाळं वाळत टाकून राखन बसतो.
राखंल त्यानं बोलावं.”

भिवा मुकणे, वयाचा त्यालाच पत्ता नाही,
विस्तव उकरत सांगत होता :
वाडी खालून वर आणायची होती,
पुरानं दोनदा धुतलेली.
सगळे हो, एकटी म्हातारी नको.
दोन पावसाळे बसलो याच झाडाखाली.
तिला कुणी हरवलं नाही, सायेब.
तिचं नको आमी थोडं थोडं उचाललं,
मंग तिला येकटीला ते जड ऱ्हायलं नाय.
आलो वर. तिची झोपडी पयली, पाण्याजवळ.

मी कोरं पान घेऊन उतरलो.
पंचायत समितीतून कारणे दाखवा नोटीस आली.
उत्तरात लिहिलं : सभासद वाटेत आहेत.
साहेबांनी ते लाल शाईनं अधोरेखित केलं,
शेजारी फक्त प्रश्नचिन्ह.

अखितीला ट्रक परतले.
मी गेलो, या वेळी रजिस्टर घरी ठेवून, जमिनीवर बसायला.
नवशाच्या केसांत अजून विटांची धूळ.
सगळं ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणाला,
“होऊ द्या लिलाव. उचल फिटंना माझी.”

मला वाटलं, आता भांडतील.
कुणीच काही बोललं नाही.
सोमीनं त्याच्याकडं तंबाखूची डबी सरकवली,
भिवानं विस्तवावर लाकूड टाकलं,
लांब चालणार असेल तर टाकतात तसं जाड.
आता त्याचं हो उचलायचं होतं,
आणि ते नको पेक्षा जड होतं.

ते अजून बसलेत.
माझ्या टेबलावर फाईल आहे,
तिच्यावर शिक्का : प्रलंबित.
बारा वर्षं हा शब्द मी
काम न झाल्याचा समजत होतो.